येसबा गुळव्याचं गाव

“मूळ गाव?” परवा एका कचेरीत खिडकीपलीकडच्या पोरानं मला विचारलं.

नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं; त्यात लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण हा प्रश्न आला आणि माझं डोकं फिरलं. “कशाला हवंय?” मी विचारलं. “रकाना आहे, आजोबा,” पोरगं म्हणालं. “रकाना आहे म्हणून भरायचा? उद्या विहीर आहे म्हणून उडी मारशील?” रांगेतली माणसं हसली. सुनेनं मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि म्हणाली, “बाबा, हल्ली तुम्हाला कशाचाही राग येतो.”

हल्ली नव्हे. या एका प्रश्नाचा राग मला तिच्या जन्माआधीपासून आहे. आणि कुणी तो फार गोड आवाजात विचारला तर मला त्या माणसाचा संशयही येतो. संशय घ्यायला मला येसबा गुळव्यानं शिकवलं. मास्तर मी होतो, पण मी शिकवलेलं किती पोरांत टिकलं कोण जाणे, त्यानं शिकवलेलं माझ्यात टिकलं.

१९३०च्या पुढची ती वर्षं. बारामती तालुक्यात, सांगवीच्या अलीकडे, नीरेच्या पाटाला लागून एक वाडी होती. तिथल्या शाळेवर मला नेमलं. मी चोवीस वर्षांचा, डोक्यावर काळी टोपी, हातात पत्र्याची ट्रंक. वाडीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जप्तीचा हुकूमच घेऊन आलोय. बायकांनी माझ्यादेखत कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. वाडीचे पाटील, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी पाणी दिलं, पान दिलं, आणि हळूच विचारलं, “मास्तर, नुस्ती शाळाच का आनकी काय बगायचं हाय?” नवा मास्तर म्हणजे सरकारचा कान, अशी तिथं समजूत होती. शाळेत पहिल्या आठवड्यात तीन पोरं आली, आणि तीही बहुधा माझ्यावर नजर ठेवायला पाठवलेली.

आमच्याकडे एक रीत आहे. गुऱ्हाळ चालू असलं की तिथं गेलेला माणूस, मग तो वैरी का असेना, रस प्यायल्याशिवाय परत पाठवायचा नाही. तर एका संध्याकाळी मी तात्यांच्या गुऱ्हाळावर गेलो. बैल चरकाभोवती फिरत होते, चुलवणात चिपाडं धडधडत होती, आणि काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, एक उंच, पाठीत वाकलेला माणूस उभा होता. वाफेनं त्याच्या भुवया कधीच्याच जळून गेल्या होत्या. त्यामुळे त्याला नवल वाटतंय, राग आलाय की हसू येतंय, हे चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. नुसते लाल डोळे तेवढे रोखलेले. त्यानं मला तांब्याभर रस दिला आणि मी तो संपवीपर्यंत समोरून हलला नाही.

मग म्हणाला, “कुनी धाडलं तुमास्नी?”

“शाळाखात्यानं.”

“त्यास्नी कुनी धाडलं?”

“सरकारनं.”

“आन् सरकारला?”

मी तांब्या खाली ठेवला. त्यानं मान हलवली, म्हणजे बघा, मला आधीच ठाऊक होतं, आणि काहिलीकडे वळला. हा येसबा, वाडीचा गुळव्या. वाडीतल्या प्रत्येक घरात त्याच्या हातचा गूळ होता, पण त्याच्या घरात कोण जेवून आलं होतं असं विचाराल तर कोणी नाही.

गुळाचं काम भरवशाचं नाही. रस उकळतो, मळी वर येते, ती भेंडीच्या पाण्यानं काढायची, आणि मग एक असा क्षण येतो की त्याच्या आधी काहील उतरली तर गूळ बसत नाही आणि नंतर उतरली तर जळतो. तो क्षण येसबाला कळायचा. तो हात थंड पाण्यात बुडवायचा, तोच हात उकळत्या काहिलीत घालून पाक उचलायचा, पुन्हा पाण्यात, आणि बोटांनी गोळी करून काहिलीच्या काठावर मारायचा. टण्ण वाजली की, “उतरवा!” त्याच्या उजव्या हाताची कातडी गुळगुळीत आणि घट्ट झाली होती. त्या हातानं तो सगळंच तपासायचा: ऊस, जोडा, पोराचा ताप, पैशाचं नाणं, माणूस. दुकानदारानं दिलेली तंबाखू हुंगून बघायचा. कोणी त्याची स्तुती केली तर एक पाऊल मागं सरायचा. “लई ग्वाड ऊस आन् लई ग्वाड मानूस,” म्हणायचा, “दोनीबी चिरून बगावं, आत लाल, किडकं निघतंय.” बसायला कुठंही गेला तरी पाठ भिंतीला हवी. देवळात कीर्तनालासुद्धा त्याची जागा ठरलेली, खांबाला टेकून, दाराकडे तोंड करून. देवाकडे नव्हे, दाराकडे.

त्याची बायको राहीबाई मात्र त्याच्या अगदी उलट. बाई हसायला लागली की पाटापलीकडे ऐकू जायचं. माहेर तिचं लासुर्ण्याचं, इंदापूर तालुक्यातलं. मला म्हणायची, “मास्तर, ह्यो मानूस झोपंत बी इचारतोय, कोन हाय म्हनून. म्या म्हन्ती, म्याच हाय, तुमची बायकू. तर म्हन्तोय, खरं कशावरनं?” आणि मग ती स्वतःच खो खो हसायची. येसबा गंभीरपणे भाकरी मोडत राहायचा.

माझी आणि त्याची खरी गाठ पडली ती पत्रामुळे. दर वर्षी दिवाळी झाली की तो एक पत्र लिहून घ्यायचा. आधीचा मास्तर लिहायचा, आता मी. पत्र जायचं घोडकपिंपरी गावच्या पाटलाला. हे गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, भीमा ओलांडायची, मग सीना ओलांडायची, त्याच्याही पलीकडे. मजकूर दर वर्षी तोच: ‘आमच्या घराच्या भिंतीची खबर द्यावी. अंगणातल्या लिंबाला कुणास हात लावू देऊ नये. भैरोबास आमच्या नावे नारळ फोडावा.’ उत्तर कधी आलं नाही.

पत्र झालं की तो म्हणायचा, “वाचा.” मी वाचायचो. दुसऱ्या दिवशी येऊन, “वाचा.” तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही दिवस तेच शब्द निघतात का हे तो बघत होता! चौथ्या दिवशी पत्र घेऊन सांगवीला गेला आणि तिथल्या वाण्याकडून वाचून घेतलं. मी भडकलो. म्हणालो, “येसबा, एवढा विश्वास नाही तर मला कशाला त्रास देता?”

“राग मानू नगा, मास्तर. संशेव तुमच्यावर न्हाय, कागदावर हाय. कागद आपल्या तोंडानं बोलत न्हाय, दुसऱ्याच्या बोलतोय. मंग इस्वास ठेवायचा कुनावर?”

“तुम्ही घोडकपिंपरी सोडून किती वर्षं झाली?”

“म्या कदी बगितलं न्हाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. मोठ्या दुष्काळात त्याचे आईबाप तिकडून उपाशी चालत आले आणि नीरेच्या पाटाच्या खोदाईवर लागले. येसबा त्या खोदाईवरच जन्मला, मुरमाच्या ढिगाआड. ज्या पाटाच्या पाण्यावर वाडीचा ऊस उभा होता, तो पाट त्याच्या आईबापांनी खणला होता आणि त्याच्यापेक्षा वयानं थोरला नव्हता. पाट झाला, बाकीचे मजूर पांगले, हे घर इथंच राहिलं. पन्नासाहून जास्त पावसाळे त्यानं या वाडीत काढले. पण कोणीही विचारो, “गाव कंचं?” तर छाती किंचित पुढं काढून उत्तर यायचं, “घोडकपिंपरी. मोगलाई.”

आणि वाडीही त्याला तसंच धरून होती. गूळ त्याच्या हातचा, पण माणूस परमुलखी. एकदा तात्यांनी चार दिवसांपूर्वी तोडून ठेवलेला ऊस गाळायला आणला. येसबानं कांडं दातानं सोललं, चावलं आणि थुंकला. “ह्याचा गूळ व्हनार न्हाय, तात्या.” तात्या म्हणाले, “ऊस माझा हाय का तुझा? लाव चरकाला.” लावला. काकवी झाली, गूळ काही बसला नाही. झालं! तात्या तांबडेलाल. “भेंडीच्या पान्यात काय घातलंस? खरं बोल!” आणि जमलेली माणसं, ज्यांच्या बारशाला याच्याच गुळाचे लाडू वाटले गेले होते, ती एकमेकांना म्हणाली, “मोगलाईचं मानूस. त्याचा काय भरवसा.” मी कानांनी ऐकलं.

येसबा काहील धुऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी ताजा ऊस आणवला, दोन्ही हात पाठीमागं बांधल्यासारखे धरून काहिलीपासून दहा पावलांवर उभा राहिला, आणि तात्यांना म्हणाला, “म्या हात लावत न्हाय. तुमी करा, म्या नुस्तं सांगतो.” तात्या घामाघूम होऊन ढवळताहेत आणि हा तिकडून, “मळी काडा. जाळ कमी. आता थांबा. आता गोळी मारा.” असा पिवळाधमक गूळ बसला की तात्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. “मानलं बाबा तुला!”

“मानू नगा, तात्या,” येसबा म्हणाला. “बगत ऱ्हावा.”

पुढं काय झालं ते सांगायचं माझ्या जिवावर येतं, पण सांगतो.

त्या वर्षी इंदापूरकडच्या एका मळ्यावर दरोडा पडला. दरोडेखोर भीमेपलीकडे मोगलाईत पळाले अशी बोलवा झाली. लगेच वरून हुकूम आला: ज्यांच्या नावावर इथं जमीन नाही आणि जे मोगलाईतले आहेत, त्यांची गावोगाव यादी करावी आणि त्यांना त्यांच्या मुलखात पोचवावं. फौजदार आमच्या वाडीत येणार ती तारीखही कळली. वाडीत यादीत बसणारं घर एकच होतं.

तात्या घाबरले. फौजदार यायच्या आदल्या दुपारी मला घेऊन गुऱ्हाळावर गेले. काहील उपडी होती, येसबा राखेनं चरक उटत होता. तात्या अगदी मऊ आवाजात म्हणाले, “येसबा, उद्या सायब इचारंल, गाव कंचं. तू म्हनायचं, हीच वाडी. बास. बाकी आमी समदे हाय.”

येसबाचा हात थांबला. “का?”

“का म्हंजी? न्हाय तर हाकलत्याल की तुला!”

“माझं गाव घोडकपिंपरी हाय.”

“आरं, बगितलंय का तू कदी? हितं जल्मलास, हितं म्हातारा झालास.”

“तुमचं का एवढं आडलंय, तात्या?”

आता खरं सांगायचं तर तात्यांचं अडलंच होतं. हंगाम तोंडावर, असा गुळव्या पंचक्रोशीत नव्हता. मलाही तेव्हा तात्यांचा थोडा संशय आला होता. पण माणसाचा स्वार्थ असला म्हणून त्याचा सल्ला खोटा ठरत नाही, हे मी येसबाला समजावायला गेलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुमी लिवनारं मानूस. आज म्हन्ता हे गाव लिव. उद्या म्हनाल, ह्या वाडीचा मानूस म्हंजी पाटलाचा गडी, जल्मभर हितंच राब. घोडकपिंपरीला माझी भिंत हाय, देव हाय. ते सोडलं असं माझ्याच तोंडानं वदवून घ्यायचं, असंच ना?”

“देवाशपथ नाही, येसबा!” मी ओरडलो.

“मंग खोटं कशापाई बोलाय लावता?” तो म्हणाला आणि पुन्हा चरक उटू लागला. राहीबाई मागं उभी होती. त्या दिवशी ती हसली नाही. आम्हाला म्हणाली, “तुमी जावा. म्या सांगती त्यास्नी.” सांगितलं असणार तिनं, जीव तोडून सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत सगळी वाडी गोळा झाली. फौजदार खुर्चीवर, शेजारी त्यांचा कारकून. त्या कारकुनाचे डोळे आले होते, पाण्याच्या धारा लागल्या होत्या. फौजदार म्हणाले, “मास्तर, अक्षर चांगलं असेल तुमचं. तुम्हीच लिहा.” नाही कसं म्हणणार? बसलो टाक घेऊन. येसबा आणि राहीबाई दाराबाहेर पायरीवर, सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर.

चहा आला. फौजदार माणूस तसा वाईट नव्हता, गप्पिष्ट होता. बशीत चहा ओतत म्हणाले, “पाटील, तुम्ही मूळचे इथलेच का?”

तात्यांचा हात आपोआप मिशीवर गेला. “न्हाय सायब. आमी मूळचं मानदेशातलं. आजा आला हितं.”

“अस्सं! आम्हीही मूळचे नगरकडचे. घर आहे अजून तिथं, पडकं. आणि मास्तर तुम्ही?”

“आम्ही वाईचे,” मी म्हणालो. जन्म माझा पुण्यातला. वाई मी आयुष्यात दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा लग्नाला. कारकुनानं डोळे पुसत सांगितलं, आपण सासवडचे. मग वाडीतले आणखी दोघे-चौघे पुढे सरसावले. एकाचं मूळ गाव कराडकडं, दुसऱ्याचं आणखी कुठं. आपल्याकडं असंच असतं. गाव विचारलं की माणूस राहतो ते सांगत नाही, बापजादे जिथून निघाले ते सांगतो. त्यात अभिमान असतो, घरंदाजपणा असतो. कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळे हसत होते. आणि आमच्यातल्या एकाही गाढवाच्या ध्यानात आलं नाही की पायरीवर बसलेला माणूस हे सगळं कान देऊन ऐकतोय.

“हं, बोलवा त्याला,” फौजदार म्हणाले.

येसबा आत आला. भिंत शोधून पाठ टेकली.

“नाव?”

“येसबा.”

“गाव?”

तात्या खोकले. मी टाक धरून बसलो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, बोल, वाडीचं नाव घे, एकदाच घे. येसबानं तात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कराडवाल्याकडे पाहिलं. मग त्याची छाती किंचित पुढं आली.

“घोडकपिंपरी. मोगलाई.”

तात्या उठून उभे राहिले. “सायब, ह्यो हितंच पाटाच्या खोदाईवर जल्मलाय. आख्ख्या वाडीला ठावं हाय!”

“नोंद आहे?”

नोंद कुठून असणार? खोदाईवरच्या मजुरांच्या पोरांची नोंद कोण ठेवतो? फौजदार म्हणाले, “मग तो स्वतःच्या तोंडानं सांगतो ते खोटं, आणि तुम्ही सांगता ते खरं?”

“म्या खोटं बोलत न्हाय, सायब,” येसबा म्हणाला. “समद्यांनी आपापलं गाव सांगितलं. म्याच का चोरायचं?”

“लिहा, मास्तर.”

मी लिहिलं. होय, मीच लिहिलं. इतकी वर्षं मी त्या क्षणाभोवती फिरतोय. कारकुनाला दिसत नव्हतं, फौजदार चहा पीत होते. मला वाडीचं नाव लिहिता आलं असतं. पण लिहून झाल्यावर येसबा “वाचा” म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि तो म्हणालाच. म्हणजे मला लिहायचं एक आणि वाचायचं दुसरंच, असं करावं लागलं असतं. तो मास्तर लोकांवर जो संशय घेत आला होता तो खरा करून दाखवल्याशिवाय मला त्याला वाचवता येत नव्हतं. मी भित्रा होतो का प्रामाणिक होतो, देव जाणे. मी जे लिहिलं तेच वाचलं.

“पुन्यांदा वाचा.”

वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. फौजदार वैतागले, पण येसबाचे खांदे खाली आले. आपण बोललो तेच कागद बोलतोय, याची जन्मात पहिल्यांदा त्याची खात्री पटली होती.

राहीबाईचं काय? ती तर लासुर्ण्याची, सरकारी मुलखातली, तिची नोंदही निघाली असती. फौजदार म्हणाले, “नवऱ्याचं गाव ते बायकोचं.” मी लिहिलं.

दोन शिपायांबरोबर त्यांना इंदापुरावरून भीमेकडे नेलं. जाताना येसबा घाबरलेला नव्हता, उलट त्यानं स्वच्छ धोतर नेसलं होतं. गावाला निघालेल्या माणसासारखा दिसत होता. भैरोबाला म्हणून त्यानं गुळाची एक लहान ढेप फडक्यात बांधून घेतली होती. राहीबाई मागं वळून वळून बघत होती. वाडीतल्या बायका रडल्या, आणि मग कोंबड्या डालायला गेल्या.

दीडेक महिन्यांनी, भर दुपारी, पोरं जेवायला गेली असताना शाळेच्या मागच्या भिंतीपाशी कोणीतरी बसलेलं दिसलं. येसबा. गाल बसलेले, पायाला चिंध्या. मी पाणी दिलं. तो लगेच प्यायला, तांब्यात न बघता. मला ते चांगलं लक्षण वाटलं नाही.

“राहीबाई?”

“माघारी येताना लासुर्न्याला ऱ्हायली. भाऊ म्हनाला, बहिनीला ठिवतो. तुला ठिवलं तर माझ्या दारात शिपाई येत्याल.”

“गाव सापडलं?”

“सापडलं की. तितल्या पाटलानं इचारलं, गाव कंचं? म्या म्हनालो, ह्योच. तर लोक हसली, मास्तर. माझं बोलनं आयकून म्हनली, ह्यो इंग्रजीतला हाय, इंग्रजाच्या मुलखातला. नाव कुटं हाय तुजं? तर न्हाय. बाचं नाव? तर न्हाय.”

“आणि आपली पत्रं?”

तो पायाच्या चिंध्या सोडू लागला. “मिळाली व्हती. समदी मिळाली व्हती. पाटलाला वाटलं, कोनतरी इंग्रजीतला मानूस भिंत भिंत म्हनून दरसाल लिवतोय, म्हंजी कदीतरी जमिनीवर हक्क सांगाय यीनार. वळखच द्यायची न्हाय असं ठरलं व्हतं त्येंचं.”

त्यातली अलीकडची पत्रं माझ्याच अक्षरात होती.

“भिंत तरी पाहिली?”

“कंची? समद्या भिंतीच भिंती. लिंब बी लई हायत तितं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माघारी हाकलताना शिपायानं इचारलं, आता तरी खरं सांग, गाव कंचं. तवा म्या आपल्या वाडीचं नाव घेतलं. पर तितं त्येचा काय उपेग?”

तात्यांना कळलं. ते आले, त्याला पाहून त्यांचे डोळे भरले, आणि तरीही म्हणाले, “येसबा, यादीत नाव गेलंय. तू सापडलास तर माझी पाटीलकी जातीया. शिवंच्या भाईर ऱ्हा. भाकरी म्या धाडीन.” भाकरी धाडलीही. तो नीरेच्या पात्राशी खोपट करून राहिला. पलीकडचा काठ फलटण संस्थानाचा. इकडे पोलिसाची टोपी दिसली की तो पाण्यातून पलीकडे जायचा. तिकडचा शिपाई हटकायला लागला की इकडे यायचा. मी एकदा भाकरी घेऊन गेलो तर गुडघाभर पाण्यात उभा होता, कुणीकडे जावं ठरत नसल्यासारखा. हंगाम सुरू झाला तेव्हा तात्यांनी दुसरा गुळव्या आणला. त्याचा गूळ काळा व्हायचा, पण त्याचं गाव कागदावर होतं. मग एक दिवस खोपट रिकामं सापडलं.

दोन-अडीच वर्षांनी माझी बदली इंदापूर तालुक्यात झाली. तिथल्या एका माळावर साखरेचा नवा कारखाना उभा राहत होता. मजुरांच्या पोरांसाठी शाळेला एखादी पत्र्याची खोली मिळेल का, हे विचारायला मी गेलो आणि व्हरांड्यात बाकावर बसून राहिलो. तीन हातांवर कामगार भरती चालली होती. एक तरुण कारकून टेबलापाशी नावं घेत होता, समोर माणसांची रांग. माणसं सरकत होती, मी पेंगत होतो.

“नाव?”

“येसबा.”

मी डोळे उघडले. तोच. अगदीच वाकलेला. जळालेल्या भुवया आता पांढऱ्या, तुरळक उगवल्या होत्या, बहुतेक काहील सुटल्यामुळे.

“काय काम येतं?”

गूळ करतो, असं तो म्हणाला नाही. “काय बी. चिपाडं वडीन.”

“गाव?”

येसबा टेबलावर थोडा वाकला आणि हलक्या आवाजात, समजून घेतल्यासारखा म्हणाला, “कंचं लिवलं म्हंजी काम मिळतंय?”

कारकुनाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. “अहो बाबा, तुमचं गाव विचारतोय मी.”

“व्हय, व्हय. त्येच म्हन्तो. हितं तुमच्याकडं कंचं चालतंय, त्ये सांगा.”

रांगेतली माणसं हसली. कारकूनही हसला. तसा बरा पोरगा होता. म्हणाला, “लासुर्णं लिहू? जवळ आहे.”

“लिवा. लासुर्नं बरं हाय,” येसबा म्हणाला.

त्यानं बिल्ला घेतला, धोतराच्या सोग्याला बांधला आणि चिपाडांच्या ढिगाकडे चालू लागला. हाक माझ्या ओठावर आली होती. मारली नाही. मला लाज वाटत होती, हे तर खरंच. पण त्याहून जास्त भीती वाटली. मी हाक मारली असती तर त्या कारकुनानं वर बघून मला विचारलं असतं, “ओळखता का यांना? कुठले हे?”